एका दुरुस्तीची समीक्षा

पुस्तकांची समीक्षा होते, नाटकांची होते, क्वचित पाठ्यक्रमांचीही होते. दुरुस्तीची समीक्षा मात्र सहसा कोणी करीत नाही. बंद पडलेले यंत्र चालू झाले की आपण सुटलो असे मानतो. ते नीट झाले की नुसते गप्प बसले, हे विचारण्याचे कष्ट घेत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका दुरुस्तीची, खरे तर एकाच जागी वेगवेगळ्या वर्षी झालेल्या तीन-चार दुरुस्त्यांची, समीक्षा करणार आहोत. ही जागा संगणकाच्या पोटातली आहे. एका खऱ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवणारा हायपरव्हायजर नावाचा एक कार्यक्रम असतो. त्यातला स्मृतीचे 'फॉल्ट' हाताळणारा भाग हा आमचा विषय. शाळेपासून तो फार दूरचा वाटेल, पण आम्ही त्याकडे वळलो ते शाळेतूनच.

गेल्या हिवाळ्यात भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही व्याख्यानासाठी गेलो होतो. तेथे संगणकशास्त्र हा द्विलक्षी विषय आहे. बारा विद्यार्थ्यांसाठी बारा स्वतंत्र संगणक घेण्याऐवजी एक मोठे यंत्र, त्यावर बारा आभासी यंत्रे आणि टेबलांवर नुसते पडदे व कळफलक, अशी मांडणी पुरवठादाराने करून दिली होती. कल्पना वाईट नव्हे. वीज कमी लागते, देखभाल एकाच ठिकाणी करता येते. वर्षभर ते ठीक चालले. सराव परीक्षेच्या दिवशी मात्र सगळे पडदे एकदम गोठले. माऊस हलवला की अर्ध्या मिनिटाने बाण हले. वीसेक मिनिटांनी पुरवठादाराच्या माणसाने फोनवरून सांगितल्याप्रमाणे मुख्य यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्यात आले. पाच जणांचे काम गेले. त्यांतल्या एका मुलीच्या नावापुढे प्रयोगशाळेच्या नोंदवहीत शेरा पडला, 'यंत्र अयोग्य रीतीने हाताळले'. पडदे गोठण्यापूर्वीची शेवटची कळ तिने दाबल्याचे शेजाऱ्यांनी पाहिले होते, एवढाच पुरावा. आम्ही गेलो तेव्हा तो शेरा तीन दिवसांचा झाला होता. ती म्हणाली, "मी काईच नाही दाबलं जी, सर. चालव म्हटलं आन् थांबलंच ते."

त्या शेऱ्याचे काय झाले ते पुढे सांगू. आधी 'फॉल्ट' म्हणजे काय ते पाहू, कारण घोटाळ्याची सुरुवात या शब्दापासूनच होते.

संगणकावर चालणारा कोणताही कार्यक्रम ज्या पत्त्यांनी स्मृती मागतो ते पत्ते खऱ्या स्मृतीचे नसतात. ते त्याचे घरगुती पत्ते असतात. भंडाऱ्याकडच्या धानाच्या शेतकऱ्याला विचारा. तो 'चिचेची बांधी', 'तळ्याखालची बांधी' असे सांगेल. त्याला तेवढे पुरते. जमीन कोणती हे ठरवायचे तर मात्र तलाठ्याच्या दप्तरात पाहावे लागते. संगणकातले असे दप्तर म्हणजे पेज टेबल. स्मृतीची ४०९६ बाइटची पाने पाडलेली असतात, आणि घरगुती पान क्रमांक अमुक म्हणजे खरे पान क्रमांक तमुक, अशी नोंद या दप्तरात असते. नोंदीपुढे 'हजर' अथवा 'गैरहजर' अशी एक खूण असते. गैरहजर पानाला हात लागला की प्रक्रियक चालू सूचना तेथेच थांबवतो आणि संचालन प्रणालीला बोलावतो. ती पान शोधते, गरज पडल्यास चकतीवरून आणते, नोंद दुरुस्त करते, आणि थांबलेली सूचना पुन्हा पहिल्यापासून चालते. कार्यक्रमाला यातले काहीही कळत नाही. या थांबण्याला 'पेज फॉल्ट' म्हणतात. १९६२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात सुरू झालेल्या ॲटलस संगणकापासून ही युक्ती वापरात आहे.

आमच्या पाहण्यातल्या काही टिपणांत याचे भाषांतर 'पानदोष' असे केलेले आढळते. व्यसनमुक्तीच्या भाषणात शोभावा असा हा शब्द असो. पण मुख्य आक्षेप वेगळा आहे. यात दोष कोणाचाच नसतो. ही एक हाक आहे: नोंद नाही, या आणि करून द्या. चांगल्या चाललेल्या यंत्रात अशा हाका सेकंदाला हजारो येतात. विद्यार्थ्याला 'दोष' शिकवला की तो दोषी शोधू लागतो. नोंदवहीतला तो शेरा कोठून आला याचा थोडाफार उलगडा आम्हांला येथेच झाला. पुढे आम्ही 'फॉल्ट' हाच शब्द वापरू. निदान तो मराठीत कोणावर आरोप करीत नाही.

आता आभासी यंत्र. त्याच्या आत एक पूर्ण संचालन प्रणाली चालते. ती आपले पेज टेबल स्वतः ठेवते आणि आपल्याकडे खरी स्मृती आहे अशा समजुतीत असते. प्रत्यक्षात तिची 'खरी' पानेही यजमान यंत्राच्या दृष्टीने घरगुतीच असतात. म्हणजे दप्तरे दोन झाली. जमिनींचे एकत्रीकरण झाले त्या गावांत असाच प्रकार दिसतो: आजोबांच्या कागदावर चिचेच्या बांधीपुढे जुना खसरा क्रमांक असतो, आणि आजच्या सात-बारावर त्या खसऱ्याऐवजी गट क्रमांक. बांधीवरून खसरा, खसऱ्यावरून गट. पहिले दप्तर पाहुण्याचे, दुसरे यजमानाचे, म्हणजे हायपरव्हायजरचे.

ही दुहेरी शोधाशोध किती महाग पडते याचा हिशेब वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना करायला द्यावा. नेहमीच्या संगणकात पेज टेबल चार पायऱ्यांचे असते; म्हणजे एक पत्ता लावायला चार वाचने. पाहुण्याच्या दप्तराची चारही पाने स्वतः पाहुण्याच्या पत्त्यांवर असतात. त्यामुळे प्रत्येक पायरीसाठी यजमानाच्या दप्तरातील चार वाचने आणि त्या पायरीचे स्वतःचे एक, अशी पाच. चार पायऱ्यांची वीस. शेवटी हाती आलेल्या पत्त्यासाठी आणखी चार. एकूण २४. पूर्वी हायपरव्हायजर ही चैन टाळण्यासाठी बांधीवरून थेट गटाची तिसरी, सावली-वही ठेवीत असे, आणि ती जुळती ठेवता ठेवता त्याचा जीव जाई. २००७-०८ च्या सुमारास एएमडी व इंटेल यांच्या प्रक्रियकांना दुहेरी शोध स्वतः करता येऊ लागला, तेव्हा ते काम हलके झाले.

मात्र एक काम राहिलेच. फॉल्ट आला की तो कोणाचा हे ठरवणे. पाहुण्याच्या दप्तरात नोंद नसेल तर ती त्याच्या घरची गोष्ट. ती त्यालाच कळवली पाहिजे. यजमानाच्या दप्तरात नसेल तर पाहुण्याला त्याचा सुगावाही लागता कामा नये. या दोहोंत गल्लत झाली तर पाहुणी प्रणाली नसलेले दुखणे शोधीत बसते अथवा कोसळते.

आभासी यंत्र चांगले केव्हा म्हणावे याची कसोटी जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये लिहून ठेवली आहे. पाहुण्यावर चालणारा कार्यक्रम खऱ्या यंत्रावर वागेल तसाच वागावा. साधनसामग्रीवर ताबा हायपरव्हायजरचाच राहावा. आणि बहुतेक सूचना मध्यस्थीविना थेट चालाव्यात. हा निबंध आजही वाचावा असा आहे. काटेकोर आहे आणि लहान आहे. पण पहिल्या अटीला त्यांनी दोन सवलती दिल्या होत्या: वेळेमुळे पडणारा फरक आणि साधने कमी असल्यामुळे पडणारा फरक हे 'तसेच वागण्या'त मोजायचे नाहीत. त्या काळी ते रास्तच होते. नंतरची बरीचशी दुखणी मात्र या दोन सवलतींतूनच आत आली, असे आमचे मत आहे.

आम्ही समीक्षेसाठी केव्हीएम हा हायपरव्हायजर घेतला. त्याचे एक कारण असे की त्याचा मूळ पाठ सर्वांना खुला आहे. तुमसरच्या विद्यार्थ्यालाही तो उघडून वाचता येतो. आवी किव्हिटी यांनी लिहिलेला हा कार्यक्रम २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्समध्ये समाविष्ट झाला. सुरुवातीला त्यात एक ढोबळ सोय होती. पाहुण्याला दिलेले पान यजमानाच्या दप्तरात खिळा ठोकून ठेवल्यासारखे राही. ते हलवायचे नाही, चकतीवर टाकायचे नाही. सुरक्षित, पण उधळे. पाहुणा झोपला असला तरी त्याची स्मृती अडकलेलीच.

२००८ मध्ये आंद्रेआ आर्कांजेली यांच्या पुढाकाराने हा खिळा काढण्यात आला. यजमान प्रणालीला एखादे पान काढून घ्यायचे असेल तर तिने आधी हायपरव्हायजरला वर्दी द्यावी, त्याने आपल्या दप्तरातली नोंद खोडावी, मग पान जावे, अशी व्यवस्था झाली. ऐकायला सोपी. पण तिच्या आत एक फट होती. ती समजून घेणे हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून आम्ही येथे थोडे रेंगाळतो.

समजा, पाहुण्याने गैरहजर पानाला हात लावला. हायपरव्हायजर यजमान प्रणालीला विचारतो, हे पान खरे कोठे आहे? उत्तर येते, ७२० क्रमांकावर. हे विचारणे लांबू शकते, कारण पान चकतीवर असेल तर आणावे लागते. त्यामुळे विचारताना दप्तराला कुलूप लावून बसता येत नाही. उत्तर हातात आहे, अजून नोंद केलेली नाही, आणि नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या प्रक्रियकावर यजमान प्रणाली ठरवते की ७२० काढून घ्यावे. ती नियमाप्रमाणे वर्दी देते: नोंद खोडा. हायपरव्हायजरची वर्दी ऐकणारी बाजू दप्तर पाहते. नोंद नाहीच, तर खोडणार काय? सर्व ठीक, असे उत्तर जाते. ७२० दुसऱ्या कोणाला तरी दिले जाते. मग पहिली बाजू जागी होते आणि हातातले जुने उत्तर दप्तरात लिहून टाकते. यापुढे हा पाहुणा जे काही लिहील ते दुसऱ्याच्या पानावर उमटेल. यंत्र थांबणार नाही, फॉल्ट येणार नाही, कोठेही लाल दिवा लागणार नाही. कोणाच्या तरी फायलीत चार अक्षरे बदललेली सापडतील, तीही महिन्याने.

भंडाऱ्याच्या वाचकाला हे परके वाटू नये. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, आणि पुढे वैनगंगेकाठची अनेक गावे उठली. काहींनी नव्या जागी जुनेच नाव नेले. नाव तेच, जमीन दुसरी. अशा वेळी जुन्या दाखल्याच्या आधारे कोणी नवी नोंद केली तर ती दिसायला बिनचूक आणि असायला खोटी. दाखला घेतला तेव्हा तो खरा होता, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येते. (तेथल्या माणसांना यापेक्षा पुष्कळ अधिक सोसावे लागले. उपमेने ते सोसणे लहान होऊ नये, म्हणून येथेच थांबतो.)

या फटीवरची दुरुस्ती अशी: एक गणक ठेवायचा. प्रत्येक वर्दीबरोबर तो एकाने वाढतो. फॉल्ट हाताळणाऱ्याने पत्ता विचारण्यापूर्वी गणकाचा आकडा टिपून ठेवायचा. उत्तर आल्यावर दप्तराला कुलूप लावायचे आणि आकडा पुन्हा पाहायचा. तोच असेल तर नोंद करायची. बदलला असेल तर हातातले उत्तर टाकून द्यायचे आणि काही न करता पाहुण्याकडे परतायचे. पाहुणा तीच सूचना पुन्हा चालवील, पुन्हा फॉल्ट येईल, आणि काम पहिल्यापासून होईल. याशिवाय वर्दीला आरंभ आणि शेवट असल्यामुळे, 'वर्दीचे काम चालू आहे' असे सांगणारा दुसरा गणकही आहे; तो शून्य नसेल तोवर नोंद करायची नाही.

आम्हांला ही दुरुस्ती मनापासून आवडते. काय बदलले, कोणी बदलले, आपल्याला लागू आहे की नाही, यातले काहीही ती विचारीत नाही. आपण विचारल्यानंतर जगात काहीतरी हलले एवढे कळले की पुरे; आपले उत्तर शिळे समजायचे. प्रयोगशाळेत वाचन घेताना कोणाचा टेबलाला धक्का लागला तर चांगला विद्यार्थी हेच करतो. शिवाय फॉल्ट पुन्हा येऊ देणे हाच येथे उपाय झाला आहे. 'दोष' शब्दाने हे कधीही समजावता येणार नाही.

तरीही समीक्षकाने उणे सांगितलेच पाहिजे. वर्दी स्मृतीच्या एका टोकाच्या पानाबद्दल असली तरी दुसऱ्या टोकाचा फॉल्ट परत फिरवला जाई. वर्दी देणारा धागा मध्येच बाजूला काढला गेला, तर 'काम चालू' ही पाटी लटकत राही आणि पाहुणा तोच फॉल्ट पुन्हा पुन्हा घेत बसे. बरोबर उत्तर, पण मिळायला उशीर. वेळेची सवलत ती हीच. २०२१ मध्ये यावर फेरदुरुस्ती झाली. कोणत्या पत्त्यांची वर्दी चालू आहे तो पल्ला टिपून ठेवायचा, आणि फॉल्ट त्या बाहेरचा असेल तर फिरवायचा नाही. एकाच वेळी अनेक वर्दी असतील तर त्या सर्वांना झाकणारा एकच मोठा पल्ला धरायचा. म्हणजे अधूनमधून निष्पाप पानेही त्यात सापडणार. करणाऱ्यांनी हे जाणूनबुजून स्वीकारले. प्रत्येक पल्ल्याचा वेगळा हिशेब ठेवण्याची गुंतागुंत त्यातून मिळणाऱ्या फायद्याला परवडणारी नाही, अशी त्यांची भूमिका आहे. काटेकोर होता येत असूनही न होण्याचा निर्णय लिहून ठेवणे ही आमच्या मते दुरुस्तीची प्रौढता होय.

याच भागातील दुसऱ्या एका दुरुस्तीबद्दल आम्ही इतके उदार होऊ शकत नाही. २०११ मध्ये केव्हीएममध्ये एक सोय आली: पान चकतीवरून येईपर्यंत पाहुण्याला ताटकळत ठेवण्याऐवजी त्याला सांगावे की हे पान यायला वेळ आहे, तोवर दुसरे काम उरक. विचार उत्तम. पण हा निरोप देण्यासाठी पेज फॉल्टचीच घंटा वापरली गेली. 'पान नाही' हे सांगायलाही तीच, 'पान आले' हे सांगायलाही तीच, आणि पाहुण्याचा स्वतःचा फॉल्ट आला तरी तीच. शाळेत तास संपल्याची, प्रार्थनेची आणि आग लागल्याची घंटा एकच ठेवली तर जे होईल ते येथे होण्याचा धोका होता. भलत्या क्षणी घंटा झाली की पाहुण्याने कोणता अर्थ घ्यावा? २०२० मध्ये 'पान आले' या निरोपासाठी वेगळी घंटा देण्यात आली. 'पान नाही' मात्र जुन्याच घंटेवर राहिले. ही अर्धी दुरुस्ती आहे आणि तिला अर्धीच म्हटले पाहिजे.

१४ ऑगस्ट २०१८ रोजी जाहीर झालेला 'एल-वन टर्मिनल फॉल्ट' हा प्रकार याहून वेगळा, कारण तेथे चूक हायपरव्हायजरची नव्हतीच. ती इंटेलच्या प्रक्रियकांत होती. आजचा प्रक्रियक वाट पाहत नाही. पुढची सूचना काय असेल याचा अंदाज बांधून ती आधीच चालवून ठेवतो आणि अंदाज चुकला तर निकाल फेकून देतो. गैरहजर अशी खूण असलेली नोंद भेटली तर त्याने फॉल्ट द्यायला हवा. तो देतोही, पण थोड्या वेळाने. मधल्या निमिषात तो त्या रद्द नोंदीतला पत्ताच खरा धरून जवळच्या लहानशा वेगवान स्मृतीत, म्हणजे एल-वन कॅशमध्ये, काही सापडते का ते पाहतो. आणि पाहुण्याच्या बाबतीत तर दुसऱ्या दप्तराची पायरीच वगळतो: खसरा क्रमांकालाच गट क्रमांक समजतो. याचा परिणाम भयंकर. पाहुण्याने मुद्दाम एक गैरहजर नोंद लिहायची, तीत हवा तो क्रमांक घालायचा, आणि शेजारच्या पाहुण्याचा अथवा खुद्द यजमानाचा जो मजकूर त्या क्षणी कॅशमध्ये असेल त्याचा माग काढायचा. निकाल फेकला जातो खरा, पण त्याची पावले कॅशमध्ये उरतात आणि वेळ मोजून ती वाचता येतात. हा फॉल्ट पाहुण्याच्या घरचा असल्याने हायपरव्हायजरच्या कानावरही येत नाही.

यावर हायपरव्हायजरने काय करावे? उपाय निघाला तो असा: पाहुण्याकडे ताबा देण्यापूर्वी ही कॅश पुसून टाकायची. एका वर्गाचा तास संपला की फळा पुसून मगच दुसरा वर्ग आत घ्यावा, तसे. फळा लहान आहे, बहुधा ३२ किलोबाइटचा. पण दर तासाला पुसायचा म्हणजे वेळ जाणारच. म्हणून केव्हीएमने नेहमीसाठी एक मधला मार्ग ठेवला: मधल्या वेळात यजमानाने काही नाजूक मजकूर हाताळला असण्याची शक्यता असेल तरच पुसायचे. ती शक्यता ठरवणार माणूस, आधी बसून, अंदाजाने. जेथे अंदाजानेच घात केला तेथे दुरुस्तीतही अंदाज, हे आम्हांला रुचत नाही. पूर्ण पुसण्याचा पर्याय चालकाला खुला ठेवला आहे, एवढे मात्र मान्य करतो. त्यातही फळा पुसून सर्व भागते असे नाही. एकाच गाभ्यावर दोन धागे एकाच वेळी चालत असतील तर ते एकच फळा वापरतात. जिल्हा परिषदेच्या ज्या शिक्षकांनी जोडवर्ग सांभाळला आहे त्यांना हे सांगायला नको! तिथे एक तर जोडवर्ग बंद करावा लागतो, नाहीतर दोन्ही बाकांवर एकाच वर्गाची मुले बसवावी लागतात. पहिल्याने यंत्राची ताकद घटते, दुसऱ्याने वेळापत्रक अवघड होते. नंतरच्या प्रक्रियकांत मूळ चूक दुरुस्त झाली.

स्मृतीचा खराखुरा दोषही असतो, हे सांगितले नाही तर लेख एकांगी होईल. स्मृतीतला एखादा बिट आपोआप उलटतो; कारण विश्वकिरण असेल, झिजलेला सुटा भाग असेल. गूगलच्या यंत्रांवरील २००९ च्या एका अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक स्मृतीपट्ट्यांवर निदान एक तरी अशी चूक नोंदली गेली. चूक भरून न येण्याजोगी असेल तर ते पान वाळीत टाकतात, आणि ते ज्या पाहुण्याचे होते त्यालाच तसे कळवतात, बाकीच्यांना नाही. येथे 'दोष' म्हणावे, खुशाल म्हणावे.

आता पवनीकडे परत. आम्ही मुख्य यंत्राच्या नोंदी पाहायला मागितल्या. पुन्हा चालू केल्यामुळे बराचसा पुरावा पुसला गेला होता, पण यंत्र दर दहा मिनिटांनी एक नोंद चकतीवर लिहीत होते ती शाबूत होती. स्मृती १६ जीबी. आभासी यंत्रे बारा, प्रत्येकाला कबूल केलेली स्मृती २ जीबी. म्हणजे २४ जीबीचे वचन. बाकीची चकतीवर.

हे ऐकून तेथील एक शिक्षक म्हणाले, "म्हणजे फसवणूकच की!" आम्हांला तसे वाटत नाही. त्याच परिसरातले माजी मालगुजारी तलाव पाहावेत. तळ्याखालच्या सगळ्या बांध्या एकाच दिवशी भरतील एवढे पाणी सोडता येत नाही; पाणकर पाळी लावतो आणि भागते. पण पाऊस लांबला आणि सगळ्यांची रोवणी एकाच आठवड्यात आली की पाळी मोडते. परीक्षेचा दिवस म्हणजे रोवणीचा आठवडा. एरवी निम्मी यंत्रे निवांत असत. त्या दिवशी बाराही जणांनी एकदमच काम सुरू केले. खिळा काढल्यामुळे पाने चकतीवर जाऊ शकत होती, ती गेली, आणि गेलेलीच पुन्हा हवी होती.

तेव्हा आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. स्मृतीतून वाचायला सुमारे १०० नॅनोसेकंद. फिरत्या चकतीवरून आणायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट. हजारात एकच वाचन चकतीवर गेले तरी सरासरी वेळ जवळजवळ १०,१०० नॅनोसेकंद होते. यंत्र शंभर पट मंद. हजारातले ९९९ वेळा सर्व काही ठीक असूनही शंभर पट. मुलांनी हा आकडा दोनदा तपासून पाहिला. त्या नोंदीत चकतीवरची ये-जा परीक्षा सुरू झाल्यापासून सहाव्या मिनिटालाच चढलेली दिसत होती. त्या मुलीने 'चालव' ही कळ दाबली ती अकराव्या मिनिटाला. फाइल जतन झाल्याच्या वेळेवरून ते दिसले.

आमची टीका पुरवठादाराच्या गणितावर आहे, हायपरव्हायजरवर नाही. त्याने फॉल्ट न् फॉल्ट बरोबर हाताळला होता. एकही पान चुकीच्या हाती गेले नव्हते. पोपेक आणि गोल्डबर्ग यांच्या कसोटीला ते यंत्र त्या सकाळीही उतरले असते, कारण साधने कमी पडणे त्यांनी मोजायचेच नाही असे ठरवले होते. शाळेला मात्र ते मोजावे लागते.

आता तेथे सात आभासी यंत्रे ठेवली आहेत आणि परीक्षा दोन पाळ्यांत होते. प्राचार्यांनी नोंदवही मागवली, तो शेरा एका रेघेने खोडला, खाली तारीख घालून सही केली, आणि खोडण्याचे कारण कोणत्या शब्दांत लिहावे असे आम्हांला विचारले. आम्ही 'स्मृतिदोष' म्हणणार होतो. ती मुलगी समोरच उभी होती. शेवटी 'यंत्रावर भार जास्त' असे लिहिले गेले.